पाना कुणाच्या हातात दिला होता?

मागच्या अंकात घरातल्या छोट्या इलेक्ट्रिक दुरुस्त्यांवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं भरपूर आली, पण गंमत म्हणजे फ्यूज आणि होल्डर राहिले बाजूला आणि बऱ्याच जणांनी वेगळंच विचारलंय, की काही लोकांना हे सगळं आपोआप कसं येतं आणि आम्हाला का येत नाही. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतोय. नावं कुणाचीच देत नाही, आणि लांबलचक होती ती छाटलीयेत. नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे उत्तरं वर्कशॉपच्या बाजूने झुकलेली असणार, ते धरून चाला.

प्रश्न : मी पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले पडतात. माझा रूममेट सांगोल्याकडचा, घरी डाळिंब आणि बोअर. परवा होस्टेलच्या टाकीची मोटर चालू होती, हा जिन्यातून जाता जाता थांबला आणि वॉचमनला म्हणाला, "काका बंद करा, एक फेज गेलाय." आणि खरंच गेलेला! मी इंडक्शन मोटरचा अख्खा चॅप्टर पेपरात लिहून आलोय पण मला आवाजातला फरक कळलासुद्धा नाही. हे जन्मजात असतं का? मी चुकीच्या ब्रँचला आलोय का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : जन्मजात वगैरे काही नसतं रे. त्याच्या घरी ती मोटर म्हणजे काय चीज आहे ते आधी समजून घे. शेतीची लाईट चोवीस तास नसते, वर्षानुवर्षं चाललेला हिशोब म्हणजे एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, म्हणजे रात्री बाराला लाईट आली की बॅटरी घेऊन बोअरवर जायचं, स्टार्टर दाबायचा आणि थांबून ऐकायचं. ऐकायचं का, तर ही मोटर तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन चालू वायरींवर चालते, आणि चालू मोटरचा एक फेज गेला तरी ती लगेच थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, फक्त त्या दोन वायरींतला करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि आवाज जड होतो, घोगरा. तेवढ्यात बंद केली तर वाचली. नाही केली तर वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळालं. आणि बंद असलेली मोटर दोन फेजवर चालू करायला गेलास तर फिरतच नाही, नुसती घुईं करत बसते, तीही जळायचीच तयारी.

आता ती पाणबुडी मोटर जळाली म्हणजे काय होतं बघ. बोअरवर तिकाटणं उभं करायचं, चेन पुली लावायची, पाईप एकेक करून वर ओढायचे, मोटर टेम्पोत घालून तालुक्याला वाइंडिंगवाल्याकडे न्यायची, त्याच्याकडे आधीच रांग, आणि बाहेर एप्रिलचं ऊन आणि झाडाला फळ. म्हणजे ती एक घोगर ऐकू आली नाही तर बागेचं वर्षाचं उत्पन्न जाऊ शकतं. अशा घरात दहा वर्षांच्या पोरालासुद्धा स्टार्टरपाशी उभं करून सांगतात, आवाज ऐक आणि हा लाल बटन. तुझ्या घरी, मी अंदाज करतो, तू लहानपणी बोर्डाला हात लावलास की हातावर फटका बसला असेल आणि "शॉक बसेल" म्हणून ऐकवलं असेल, आणि मोटर सोसायटीची, बिघडली तर सेक्रेटरी बघून घेईल. दोघांच्याही आईबापांनी बरोबरच केलं. पण त्याच्या हातात पाना दिला गेला आणि तुझ्या हातात पुस्तक, एवढाच फरक आहे, आणि शिवाय चुकल्यावर त्याच्या घराला लगेच फटका बसणार होता, तुझ्या घराला नाही. माणूस जे बिघडल्यावर आपलंच नुकसान होतं ते लवकर शिकतो.

आता दुसरी बाजू, कारण तू त्याला एकदम देव करून ठेवशील. वर्कशॉपमध्ये दरवर्षी शेतावरची पोरं यायची, हात इतका बसलेला की स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी डायग्राम न बघता करायची, पण त्यांच्याकडून काही गोष्टी *सोडवून* घ्यायला मला जास्त वेळ लागायचा, शिकवायला कमी. उदाहरण, ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद पाडणारा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो फिरवून फुल्ल करून ठेवायचा, ही घरून आलेली सवय. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो तो बायपास करायचा. दोनच फेज आहेत तर कंडेन्सर लावून मोटर फिरवायची, आणि गावातल्या सगळ्यांनीच तसं केलं की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, दोन फेजचाच लोड येतो आणि डीपी जाते, मग दहा दिवस सगळेच अंधारात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) गेला की जमिनीत सळई ठोकून तिच्यावर लाईट लावायची. बल्ब पेटतो हो! पेटतो म्हणूनच ती ट्रिक बापाकडून पोराकडे जाते. पण त्या सळईभोवतालची ओली जमीन त्या वेळी करंट वाहून नेत असते आणि अनवाणी माणूस किंवा बैल तिथे गेला की संपलं. अर्थिंग हा विषय शेतावर कुणी शिकवत नाही कारण अर्थिंग नसलं तरी मोटर चालते, आणि जे नसल्याने काही अडत नाही त्याचं ज्ञान घरातून येत नाही. ते पुस्तकातूनच यावं लागतं. म्हणून म्हणतो, तुझा चॅप्टर फुकट गेलेला नाही.

करायचं काय, तर दोघं मिळून एक जुना डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर चालू करणारा साधा स्टार्टर) जुन्या बाजारातून आणा आणि टेबलावर उघडा. सप्लाय न जोडता, हे लक्षात ठेव. तो तुला दाखवेल कॉन्टॅक्ट कसे जळतात, कॉईल गेली की कशी दिसते, पट्टी कुठे घासते. तू त्याला दाखव की दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर उलटी का फिरते. तो हे लहानपणापासून करतोय, पण फिरतं चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार, आणि हेच त्याला परीक्षेत विचारणार आहेत. ब्रँच बदलू नकोस.

प्रश्न : मी डोंबिवलीत घरी ब्लाउज शिवते, बरीच वर्षं झाली. मशीन मीच खोलते, मीच तेलपाणी करते. पण मोबाईल हँग झाला किंवा टीव्हीचं काही लागलं की मुलगा (आयटीत आहे) म्हणतो, "आई तू टेक्निकल नाहीयेस, दे इकडे." मला राग येत नाही पण विचार येतो, खरंच नाहीये का मी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, राग यायला पाहिजे होता खरं तर.

तुमच्या मुलाला एक प्रयोग द्या. मशीनवर एक शिवण मारा ज्यात कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचं जाळं होतंय आणि त्याला विचारा बिघाड कुठे आहे. तो हमखास बॉबिन काढून बसेल कारण गुंता खाली दिसतोय. तुम्हाला माहितीये की खाली जाळं झालं तर बहुतेक वेळा दोष वरच्या धाग्यात असतो, टेन्शन ढिलं आहे किंवा धागा ओवताना टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलाच नाही. टाके सुटतायत तर आधी सुई बदलायची, मग सुई उलटी बसलीये का बघायचं, आणि तरीही सुटले तर शटलचं टायमिंग. लक्षण एका जागी, कारण दुसऱ्या जागी, आणि स्वस्तातली शक्यता आधी तपासायची. तुमचा मुलगा ऑफिसात हेच करतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो!

आणि ब्लाउज स्वतः? सपाट कापड आहे, अंग सपाट नाही. टक्स कुठे घ्यायचे, किती खोल घ्यायचे, कटोरीचे तुकडे कसे जोडायचे म्हणजे गोलाई येईल, पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापली म्हणजे गळ्याला वळते आणि सरळ धाग्यात कापली तर फुगते, ही भूमिती आहे, आणि मापं दर गिऱ्हाईकाला वेगळी. कंपासपेटी न वापरता करता म्हणून तिला भूमिती म्हणत नाहीत एवढंच.

मोबाईलचं वेगळं आहे. तो तुमच्या हातात उशिरा आला आणि कुणीतरी सेट करून दिलेला आला. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून मोडतोड करत शिकला, त्याला कुणी "बिघडवशील" म्हटलं नाही, म्हटलं असलं तरी त्याने ऐकलं नाही. तुम्हाला मशीन तसंच शिकता आलं कारण ते *तुमचं* होतं. घरातल्या बाकीच्या यंत्रांचं बघा, मिक्सर रोज बाई वापरते पण बंद पडला की तो कपाटावर जातो आणि रविवारी पुरुष उघडतो. (खरं तर निम्म्या वेळा मिक्सर बिघडलेलाच नसतो, जास्त लोड आल्याने त्याचं ओव्हरलोड ट्रिप झालेलं असतं. प्लग काढा, भांडं रिकामं करा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग खालच्या बाजूला छोटं लाल बटन असतं ते दाबा. एवढं झालं की रविवारची वाट बघायला नको.) मोबाईलच्या बाबतीत मुलाला सांगा, दे इकडे म्हणू नकोस, शेजारी बस आणि हात खिशात ठेवून सांग. हात खिशात, हे महत्त्वाचं.

प्रश्न : मुलीला शाळेतून प्रोजेक्ट आलाय, "माझ्या घरातलं पारंपरिक तंत्रज्ञान". माझे वडील कोल्हापुरी चपला करायचे, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगी म्हणते आजोबांचं लिहू या. मी अडखळले. एक म्हणजे वर्गात जात विचारतील, आणि दुसरं म्हणजे याला तंत्रज्ञान म्हणतात का, शिक्षिका हसणार नाहीत ना? (एक वाचक, मिरज)

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. हो, म्हणतात. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, 1948 सालची, देशाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, आणि लेदर टेक्नॉलॉजी विषयात रीतसर बी.टेक. करता येतं. म्हणजे तेच काम पांढरा कोट घालून केलं की इंजिनिअरिंग आणि अंगणात बसून केलं की जातीचा धंदा, असा आपल्याकडचा हिशोब आहे, आणि तो हिशोब चुकीचा आहे हे मुलीला पाचवी-सहावीतच कळलेलं बरं.

प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं तर प्रक्रिया लिहा, नीट, टप्प्याटप्प्याने, आणि वडील किंवा त्यांच्या बरोबरचं कुणी असेल तर त्यांना विचारून. कच्चं कातडं चुन्यात टाकायचं म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा. या दोन्हीत टॅनिन असतं, ते कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं आणि मग ते कातडं कुजत नाही, पाण्यात भिजून सुकलं तरी पापडासारखं कडक होत नाही. जुन्या पद्धतीत कातडंच पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचे, पाणी आतून बाहेर झिरपत झिरपत कातडं कमावलं जायचं. हे कमावण्याचं काम जास्त करून ढोर समाजाकडे आणि शिवण्याचं चांभारांकडे, म्हणजे एकाच चपलेत दोन वेगवेगळी शास्त्रं आणि ती दोन घरांत वाटलेली. मग तळ, त्यावर पट्टा, कान, आणि शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. खिळा का नाही हा प्रश्न मुलीने आजोबांना जरूर विचारावा, आणि जनावराच्या पाठीचं कातडं कुठे वापरायचं आणि पोटाचं कुठे नाही, हेही. उत्तर देताना ते कातडं हातात घेऊन वाकवून दाखवतील, त्याचा फोटो काढा, प्रोजेक्टचं पहिलं पान तेच. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, ते लिहा. 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडून आरडाओरडा झाल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं, तेही लिहा, पोरांना मजा येईल.

जातीचं मात्र मी तुम्हाला "बिनधास्त लिहा" असं इथे बसून सांगणार नाही, वर्ग तुमच्या मुलीचा आहे, त्याची किंमत मला मोजावी लागणार नाही. एवढं सांगतो, आपल्याकडे कुठलं कौशल्य कुणाकडे गेलं ते आवडीने ठरलेलं नाही. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, ज्याला जे नेमून दिलं ते त्याने पिढ्यान्पिढ्या केलं, त्यात पारंगत झाला, आणि ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांनी ते हातात कधी घेतलं नाही, म्हणून ते पुस्तकात आलं नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीची माहितीसुद्धा शिकवा म्हणून मागणी केली होती. अजून आपण प्रोजेक्टच करतोय. शिक्षिकेशी आधी एकदा फोनवर बोला, ती समजूतदार निघाली तर पुढचं सोपं. आणि हसली तर मला कळवा, पुढच्या अंकात तिला उत्तर देतो.

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, अलिबागजवळ होमस्टे सुरू केलाय. पाहुण्यांना ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असतं. शेजारचे कोळी काका बोटांवर मोजून भरतीची वेळ सांगतात, मी मोबाईलवर बघतो, दोन्हीत कधी अर्धा तास तर कधी त्याहून जास्त फरक येतो. कुणाचं धरायचं? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : काका मोजतायत ती पाऊणकी. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे असायचे ना, त्यातली. तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की परत एकपासून. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, आणि भरतीपासून सहा तासांवर ओहोटी, म्हणजे तुमच्या अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास पाणी सगळ्यात आत गेलेलं. घड्याळ, इंटरनेट काही नको, फक्त आज तिथी कुठली हे माहीत पाहिजे, आणि कोळीवाड्यात ते माहीत असतंच.

फरक कुठून येतो तेही सांगतो कारण नाशिककराला ते माहीत नसणार आणि काका सांगणार नाहीत, त्यांना त्याची गरज पडत नाही. पंधरा तिथ्यांमध्ये भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊणकीत 45 धरलीयेत, तोंडी हिशोब सोपा पडतो म्हणून. रोज तीन मिनिटांची घट, ती साठत जाते आणि पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात तेव्हा प्रत्यक्षात मुंबई-अलिबागकडे भरती बाराच्या आसपास असते. शिवाय उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास) भरती रोज कमी सरकते आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) जास्त. मोबाईलमधले आकडे येतात ते बंदरावरच्या मोजमापांवरून, मुंबईला अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी आहेत, त्यावरून गणित करून पुढच्या वेळा काढतात. तर घड्याळातल्या वेळेसाठी मोबाईल धरा, नुसती वेळ नाही तर पाणी किती मीटर चढणार तेही तो सांगतो, पाऊणकी ते सांगत नाही.

पण पाहुणे पाठवायचे की नाही हे काकांना विचारा. वारा कुठला आहे, पाणी आज लवकर फिरेल का, वाटेत कुठल्या भागात आधी पाणी भरतं आणि परतीचा रस्ता बंद होतो, हे मोबाईलमध्ये नाही. काका "नको" म्हणाले तर नको, मोबाईल काहीही म्हणू दे. आणि त्या विचारण्याचे काकांना पैसे द्या बरं का, सीझनला महिन्याचे ठरवून, चहावर भागवू नका.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेलं मशीन शॉप आता मी बघतो, माझं इंजिनिअरिंग बाहेर झालंय. जुने टर्नर मिस्त्री आहेत, सातवी पास, त्यांच्यासारखं काम कुणाचं नाही. पण नव्या डिप्लोमावाल्या पोरांना काही शिकवत नाहीत, विचारलं की "बघून शिका" म्हणतात. पोरं त्यांना अडाणी समजतात. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मिस्त्रींच्या जागी बसून बघा. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, जे आहे ते हातात आणि डोळ्यात. ते त्यांनी एकदा पोराला दिलं की कमी पगारात पोरगं तेच काम करणार आणि यांना घरी बसवणार, हा विचार त्यांच्या डोक्यात आहे आणि तो वेडगळ नाहीये, असं झालेलं त्यांनी बघितलं असणार. तेही कुणाकडे तरी झाडू मारत बघून बघूनच शिकलेत, शिकवणं म्हणजे काय हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. 1961 च्या कायद्याने अप्रेंटिसला स्टायपेंड द्यावा लागतो, पण जो शिकवतो त्या मिस्त्रीला काय? काही नाही. तर पहिलं म्हणजे शिकवण्याचे वेगळे पैसे लावा, पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ दिसू दे.

दुसरं, दोघांच्या ज्ञानाच्या हद्दी दोघांनाही दिसू देत. मिस्त्री चिपचा, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या कपच्यांचा, रंग बघून स्पीड ठरवतात, एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलला चिप निळी पडायला लागली की टूल जातंय, हे बरोबर. पण कार्बाइड इन्सर्टला (जास्त उष्णता सोसणाऱ्या टूलच्या टोकाला) तीच निळी चिप चालते, आणि मिस्त्री सवयीने तिथेही स्पीड कमी करत असतील तर एका जॉबला लागणारा तुमचा वेळ वाया जातोय. हे डिप्लोमाच्या पोराला कॅटलॉग वाचून माहीत आहे. उलट जॉब थरथरतोय तो टूल जास्त बाहेर काढल्यामुळे की चकमध्ये पकड कमी आहे म्हणून, हे पोराला स्क्रीनवर दिसणार नाही. मिस्त्री मापं सुतात बोलत असतील तर पोरांना सांगा एक सूत म्हणजे 3.175 मिलिमीटर, हसू नका, पाठ करा.

आणि तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून एक. बाबुराव पेंटर सुतारकाम करणाऱ्या घरातले, नाटकांचे पडदे रंगवायचे, आणि 1918 मध्ये त्यांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. लाकूड आणि लेथ घरातून, दृश्य कसं दिसतं ते पडद्यांतून. कुठल्या कोर्सने हे दोन्ही एकत्र दिलं असतं सांगा! तुमच्या शॉपमध्ये असे दोन निम्मे-निम्मे रोज एकमेकांकडे पाठ करून डबा खातायत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे प्लंबर बोलवणं परवडत नाही म्हणून मुलगा (दहावीच्या वयाचा) नळ, भिंतीतले सॉकेट, सगळं वडिलांबरोबर करतो. सुट्टीत ठाण्याला आला की आजीकडे कुणाला नळाचा वायसर बदलता येत नाही याचं त्याला हसू येतं. या वेळी म्हणतो आजीच्या घरातले सगळे जुने स्विच मी बदलणार. करू द्यावं का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : हसू नको म्हणावं. ठाण्यात फोन केला की माणूस तासाभरात येतो आणि दोनशे-तीनशेत काम करून जातो, म्हणून तिथल्या मध्यमवर्गाला शिकायची गरज पडली नाही, तुमच्याकडे तो माणूस महाग म्हणून तुम्ही शिकलात. कुणी हुशार-बिशार नाही यात.

नळाचं खुशाल करू द्या, स्विचचं एकट्याने नाही. तुमच्याकडे 120 व्होल्ट, इथे 230. आणि रंग बघा, अमेरिकेतल्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. तो सवयीने काळीलाच फेज समजेल, आणि इथे ती न्यूट्रल असते. शिवाय आजीच्या घरात जुनं वायरिंग असेल तर मूळ वायरमनने हाताशी होती ती वायर ओढलेली असू शकते, म्हणजे रंगावर इथल्या माणसानेही विसंबायचं नाही. आधी टेस्टर चालू असलेल्या दुसऱ्या पॉईंटवर लावून तो टेस्टरच नीट आहे ना ते बघायचं (हे मेन बंद करायच्या *आधी* करायचं, नाहीतर दिवा पेटणार कुठून), मग मेन बंद, मग प्रत्येक वायरला टेस्टर, आणि शेजारी लायसनवाला वायरमन उभा. त्याला त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, आणि मुलाला त्याच्या हाताखाली काम करू द्या.